समुद्रातल्या गाई

‘लाइफ ऑफ पाय’ या कादंबरीची कल्पना तिच्या लेखकाला पहिल्यांदा सुचली ती माथेरानला. यान मार्टेल हा कॅनडाचा लेखक. पोर्तुगालवरची एक कादंबरी लिहायची म्हणून भारतात आला, मुंबईहून माथेरानला जाऊन बसला, आणि तिथल्या माकडांच्या साक्षीने ती कादंबरी त्याच्या हातातच मेली. वाक्यं बरी, संशोधन चोख, पण जीव नाही. टिपणं पाकिटात घातली, वर सायबेरियातला खोटा पत्ता लिहिला, परतीचा पत्ता बोलिव्हियातला, तोही खोटा, आणि पोस्टात टाकून मोकळा झालो, असं तो पुस्तकाच्या मनोगतात सांगतो. (ते मनोगतही अर्धं कादंबरीच आहे, तेव्हा पोस्टाची पावती मागू नये.) पुढे पाँडिचेरीच्या कॉफी हाऊसमध्ये एक म्हातारे गृहस्थ भेटतात आणि म्हणतात, माझ्याकडे एक गोष्ट आहे, ऐकलीस तर देवावर विश्वास बसेल.

पुस्तक २००१ साली आलं, २००२ चं बुकर त्याला मिळालं, २०१२ साली अँग ली यांनी त्यावर सिनेमा काढला. या सगळ्या काळात मला खुपत राहिलं ते म्हाताऱ्याचं हे आश्वासन. मी कुंपणावरचा माणूस. संकष्टीच्या मोदकाला नाही म्हणत नाही आणि चंद्रोदयाची वेळ पंचांगाऐवजी फोनवर बघतो. अशा माणसाला कुणी ‘देवावर विश्वास बसवतो’ म्हणालं, की तो खुर्ची सरसावून बसतो आणि खिशावर हातही ठेवतो. त्यात कादंबरीचा नायक पाय पटेल याला कुंपणावरच्यांचा मनस्वी तिटकारा. नास्तिक त्याला चालतो, तोही शेवटी कशावर तरी भरवसा टाकून उडी मारतो म्हणून. शंका घ्यावी, खुद्द येशूनेही घेतली, पण शंकेच्या ओसरीवर कायमचं बिऱ्हाड करू नये, असा त्याचा रोख. म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीलाच वाचकाचा, निदान माझ्यासारख्याचा, पाणउतारा. तरी मी ते पुन्हा पुन्हा वाचतो.

पायचे वडील संतोष पटेल पाँडिचेरीत प्राणिसंग्रहालय चालवतात. देवाधर्माचं त्यांना वावडं नाही आणि गरजही नाही. मुलगा हिंदू घरात वाढतो, मुन्नारच्या सुट्टीत एका पाद्र्याच्या नादाने ख्रिस्ताकडे ओढला जातो, आणि गावातल्या एका सूफी पाववाल्याकडून नमाज शिकतो. तिन्हींतलं काही सोडायला तो तयार नाही. वडिलांना हे कळतं तेव्हा ते चक्रावतात, पण रागावत नाहीत. त्यांचा धडा वेगळाच असतो. एकदा ते दोन्ही मुलांना वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं करतात. वाघ तीन दिवसांचा उपाशी. त्याच्यापुढे जिवंत बोकड सोडतात आणि मुलांना बघायला लावतात. आई रडते, पाय तर हादरूनच जातो. मग वडील त्यांना पिंजऱ्यापिंजऱ्यासमोर नेतात: हे जनावर काय करतं, ते कुठून हल्ला करतं, नखं कुठे, दात कुठे, लाथ कशी. शेवटी गिनीपिगपाशी येऊन सांगतात, याच्यापासून मात्र धोका नाही.

माझ्या मते कादंबरीतली सगळ्यात मोठी वडिलोपार्जित इस्टेट हीच. पुढे समुद्रात पोराचा जीव वाचतो तो आधी या बोकडामुळे. वाघ हा वाघच, तो आपला मित्र होणार नाही, त्याला माणसाची भाषा कळणार नाही, हद्दीची कळेल, ही अक्कल त्याला कुठल्याही देवळात मिळालेली नसते. वडिलांच्या क्रूर वाटणाऱ्या त्या एका तासात मिळालेली असते.

वडिलांशिवाय शाळेतले जीवशास्त्राचे मास्तर आहेत, सतीश कुमार. लहानपणी पोलिओ झालेला. देव कुठे आहे म्हणून तेव्हा विचारत राहिले, देव आला नाही, औषध आलं. तेव्हापासून पक्के नास्तिक. गंमत म्हणजे सूफी पाववाल्याचं नावही सतीश कुमारच. एके रविवारी दोघेही प्राणिसंग्रहालयात येतात आणि पाय त्यांना झेब्रा दाखवतो. पाववाल्याने झेब्रा कधी पाहिलेलाच नसतो. दोघं मिळून त्याला गाजरं भरवतात. एकाच्या तोंडून त्या जनावराचं लॅटिन नाव येतं, दुसऱ्याच्या तोंडून अल्लाचं. मधे पोरगा उभा, त्याला नुसतंच म्हणायचंय की किती सुंदर आहे हा. आपल्याकडे ‘विज्ञान आणि श्रद्धा’ म्हटलं की वक्तृत्वस्पर्धा आठवते: दोन बाजू, तीन परीक्षक, शेवटच्या मिनिटाची घंटा. मार्टेल स्पर्धा भरवत नाही. दोघांच्या हातात गाजर देतो आणि समोर जनावर उभं करतो. त्याच जातीचा झेब्रा पुढे होडीत मोडक्या पायाने पडलेला असतो, तरस त्याला जिवंतपणीच खायला लागतं, आणि तिथे ना लॅटिन नाव उपयोगी पडतं ना कलमा.

आणीबाणीने विटलेले वडील प्राणिसंग्रहालय मोडून कॅनडाला निघतात. जून १९७७ मध्ये मद्रासहून बोट सुटते, २ जुलैला बुडते. त्या बोटीचं नाव त्सिमत्सुम. सोळाव्या शतकातल्या आयझॅक ल्युरिया या ज्यू गूढवाद्याच्या शिकवणीतली ही कल्पना: सगळीकडे देवच भरलेला होता, म्हणून जगाला जागाच नव्हती, मग देवाने स्वतःला आवरून घेतलं आणि त्या रिकाम्या पोकळीत सृष्टी मावली. पाय पुढे टोरंटोत धर्मशास्त्र आणि प्राणिशास्त्र दोन्ही शिकतो. एक प्रबंध या ल्युरियावर, दुसरा तीन बोटांच्या स्लॉथच्या थायरॉइड ग्रंथीवर. ही जोडी वाचून हसू येतं, पण लेखक गंभीर आहे. देव मागे सरकतो, बोट बुडते, आणि २६ फूट लांब, ८ फूट रुंद, साडेतीन फूट खोल होडी शिल्लक राहते, तिच्यात पाय, झेब्रा, तरस, ओरांगउटान आणि वाघ. उरलेल्या जागेत जे करायचं ते माणसाने.

ते काय करायचं, इथे कादंबरी खरी जमते. होडीतल्या पेटीत उन्हावर चालणारी पाण्याची यंत्रं सापडतात, डझनभर. बांधणी साधी आहे. तरंगणाऱ्या कड्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा शंकू, आत काळं कापड. समुद्राचं पाणी कापडात मुरतं, काळ्या रंगामुळे ऊन शोषून तापतं, त्याची वाफ होते, मीठ खालीच राहतं. वाफ शंकूच्या आतल्या अंगाला थंडावते, थेंब होऊन ओघळते, कडेच्या पन्हळीत जमते आणि खालच्या पिशवीत उतरते. सातवीच्या पुस्तकातलं बाष्पीभवन आणि संघनन, बस्स. पोरगा ती पाण्यात सोडतो आणि मनातून त्याचा विश्वास बसत नाही. काही तासांनी पिशवी काढून बघतो तर फुगलेली. खारं पाणीच शिरलं असणार या भीतीने जिभेला लावतो. गोडं! मग तो त्या प्लॅस्टिकच्या यंत्राला गाय म्हणतो. समुद्रातली गाय, आणि तिचं ते दूध.

या जागी मी दरवेळी थांबतो. तहानेने व्याकूळ झालेला मुलगा रोज सकाळी उठून आपल्या गाई बघायला जातो. त्यांच्या कातडीवरचं मीठ पुसतो, हवा भरतो, पाणी घालतो, मग धार काढतो. गोठ्यातल्या कामाचा जो क्रम, तोच. यंत्र कसं चालतं हे त्याला नेमकं माहीत आहे, म्हणून गाय म्हणण्यात अडाणीपणा नाही. आणि गाय म्हटल्यामुळे यंत्राच्या कामात काही फरक पडत नाही, ते सूर्य आणि काळं कापड यांच्यावर चालतं. फरक पडतो तो पुसणाऱ्या हातात. अशी यंत्रं मोठी लहरी असतात, चिरतात, गळतात, लाटेने उलटतात. स्टीव्हन कॅलहन हा अमेरिकन दर्यावर्दी १९८२ साली अटलांटिकमध्ये रबरी तराफ्यावर ७६ दिवस जगला तो अशाच यंत्रांना जपत आणि डोराडो मासे मारत. अँग ली यांनी सिनेमासाठी त्याला सल्लागार म्हणून बोलावलं ते उगाच नाही. त्या ७६ दिवसांत यंत्राचं तत्त्व कळण्याने जीव वाचत नाही. दिवसातून कितीदा तरी, अंगात त्राण नसताना, त्याच्याशी खटपट करण्याने वाचतो. ही चिकाटी कुठून आणायची, याला पुस्तकी विज्ञानाकडे उत्तर नाही. पायकडे होतं.

त्याच्या दिवसाचा तक्ता कादंबरीत दिलाय. पहाटे उठणं, प्रार्थना, वाघाला खाणं, होडीची तपासणी, यंत्रांची देखभाल, मासेमारी, पुन्हा प्रार्थना, दुपारची विश्रांती, पुन्हा तपासणी, प्रार्थना. बाकीच्या कामांच्याच ओळीत, त्याच अक्षरात. मूर्तीशिवाय दर्शन, पाद्र्याशिवाय मिस्सा, प्रसादाला कासवाचं मांस, मक्का कोणत्या दिशेला ते ठाऊक नसताना नमाज. कुणाही धर्ममार्तंडाने कपाळावर हात मारावा असा कारभार. पण प्रार्थनेने वाघ माणसाळला, पाऊस पडला, मासा गळाला लागला, असं मार्टेल या भागात कुठेही म्हणत नाही. वाघ आटोक्यात येतो तो शिटी, लाटांनी लागणारी होडी आणि मुताने आखलेली हद्द यांच्या जोरावर. वाघाला मळमळायला लागलं की शिटी फुंकायची, म्हणजे शिटी आणि मळमळ यांची त्याच्या डोक्यात गाठ बसते. सर्कशीतलं शास्त्र आहे ते.

आणि एक मासा. पाय जन्माचा शाकाहारी. पहिला उडता मासा मारताना त्याचे हात चालत नाहीत, शेवटी कापडात गुंडाळून मान मोडतो आणि ओक्साबोक्शी रडतो. त्यानंतर थोड्याच वेळात भला मोठा डोराडो हाती लागतो, त्याला मात्र तो सरळ बडवून मारतो. इतक्यात बदलला माणूस. त्या डोराडोसमोर त्याला मत्स्यावतार आठवतो: विष्णूने एकदा मासा होऊन जग वाचवलं, आज मासा होऊन मला वाचवलं. पोटात भूक, हातात कुऱ्हाड आणि तोंडात दशावतार. बोकडाच्या दिवशी वडिलांनी दाखवलेलं जग हेच, कुणीतरी कुणालातरी खातं. त्यात आभार कुणाचे मानायचे, एवढीच पोराने टाकलेली भर. मला ती पुरेशी वाटते. कुंपणावरून इथवर मी सहज उतरू शकतो.

पण कादंबरी इथे थांबत नाही. २२७ दिवसांनी होडी मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागते (२२ भागिले ७ म्हणजे शाळेतला पाय, हे लक्षात येतंच), वाघ मागे वळून न बघता जंगलात जातो, आणि इस्पितळात जपानी परिवहन खात्याचे दोन अधिकारी चौकशीला येतात, ओकामोतो आणि चिबा. त्यांना वाघाची गोष्ट पटत नाही. ओरांगउटान केळ्यांच्या घडांवर तरंगत आली, हे तर अजिबात नाही. केळी पाण्यात बुडतात, ओकामोतो ठणकावतो. पाय म्हणतो, करून बघा. ओकामोतो न्हाणीतल्या बेसिनमध्ये दोन केळी टाकतो. तरंगतात.

मीही टाकली, बादलीत. एक वेलची, एक बसराई. दोन्ही तरंगली. वैज्ञानिक दृष्टिकोनाचं इतकं देखणं दृश्य कादंबरीत क्वचित सापडतं, अधिकाराने बोलणारा माणूस दोन केळ्यांनी गप्प होतो. पण मार्टेलची हातचलाखी इथेच आहे. दोन केळी तरंगली म्हणून ती ओरांगउटानचं वजन पेलतील असं कुठे सिद्ध झालं? छोटी गोष्ट तपासून खरी दाखवायची आणि तिच्या पाठीवर मोठी गोष्ट बसवून पलीकडे न्यायची, ही युक्ती आपल्याला नवी नाही. गावोगावचे बाबा अंगाऱ्याआधी नाडीपरीक्षा करतात ती याचसाठी. पायला वाटेत लागलेल्या, माणसं खाणाऱ्या शैवालाच्या बेटावर अधिकारी आक्षेप घेतात तेव्हा पाय कोपर्निकस आणि डार्विनचे दाखले देतो: त्यांनाही लोक असंच म्हणाले होते. चांगला वकील झाला असता पोरगा. कोपर्निकसला लोक हसले म्हणून ज्याला ज्याला लोक हसतात तो कोपर्निकस होत नाही.

मग तो दुसरी गोष्ट सांगतो. तिच्यात जनावरं नाहीत. पाय मोडलेला खलाशी, फ्रेंच आचारी, पायची आई आणि पाय. आचाऱ्यामुळे खलाशी मरतो, मग आचारी आईला मारतो, पाय आचाऱ्याला मारतो, आणि मांस खाल्लं जातं. ती सांगून झाल्यावर पाय विचारतो, बोट का बुडाली हे दोन्हींतून कळत नाही, कुठलीच सिद्ध करता येत नाही, तर दोन्हींतली चांगली गोष्ट कोणती? वाघाची, असं अधिकारी कबूल करतात. देवाचंही तसंच आहे, इति पाय.

इथे माझं आणि पुस्तकाचं बिनसतं. देव चांगली गोष्ट आहे म्हणून मानायचा असेल तर तो आवडीनिवडीचा प्रश्न झाला. गोड बोलून घेतलेली ही कबुली आहे, श्रद्धा नाही. ज्या पोराने मक्का कुठे ते माहीत नसताना नमाज पढली त्याला ही सोय लागली नव्हती. शिवाय निवड करायला सांगताना लेखकाने पासंग ठेवलाय. चमत्कार नसलेली गोष्ट त्याने नुसता खाटीकखाना करून ठेवली आणि सगळी शोभा वाघाला दिली. कोण खाटीकखाना निवडेल?

आपल्याकडेही पाण्यातून वर आलेली एक गोष्ट आहे, तिलाही दोन पाठ आहेत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, हा एक. दुसरा असा की वह्या गेल्या त्या गेल्याच, पण अभंग तोवर गावोगावच्या माणसांना तोंडपाठ झाले होते, त्यांनी ते पुन्हा उतरवून काढले. गाथा तरली ती लोकगंगेत. मला यातली कुठली गोष्ट चांगली वाटते, विचाराल तर दुसरी. नदीने कागद परत देण्यापेक्षा तेली-कुणब्यांनी अख्खी गाथा आपल्या डोक्यात सांभाळणं हे मला किती तरी मोठं वाटतं. आणि हे ऐकून कुणा वारकऱ्याचा इंद्रायणीवरचा हात सुटलेला मी पाहिलेला नाही. म्हणजे चमत्कार वगळला की उरतं ते हिडीसच असतं असं नाही. मार्टेलने ते तसं रचलंय.

तरी त्याच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी, आणि ती वाघाच्या नावात दडलेली आहे. वाघाचं नाव रिचर्ड पार्कर. कादंबरीत हे नाव हावडा स्टेशनवरच्या कारकुनाच्या घोटाळ्यातून येतं: बछड्याला पकडणाऱ्या शिकाऱ्याचं नाव बछड्याला लागतं आणि बछड्याचं शिकाऱ्याला. पण मार्टेलने ते उचललंय दुसरीकडून. एडगर ॲलन पो यांच्या १८३८ च्या कादंबरीत भरकटलेल्या जहाजावर चिठ्ठ्या टाकून ज्याला मारून खातात त्या खलाशाचं नाव रिचर्ड पार्कर. आणि जुलै १८८४ मध्ये ‘मिन्योनेट’ नावाची इंग्रजी नौका बुडाल्यावर छोट्या होडीत जे चौघे उरले त्यांतल्या सतरा वर्षांच्या पोऱ्याचं नावही रिचर्ड पार्कर. त्यांच्याकडे सलगमचे दोन डबे होते, एक कासव सापडलं, पाणी नव्हतं. पार्कर समुद्राचं पाणी प्याला आणि आजारी पडला. कप्तान टॉम डडलीने आधी देवाची प्रार्थना केली, सगळ्यांसाठी क्षमा मागितली, मग सुरी चालवली. चार दिवसांनी जहाज भेटलं. इंग्लंडला परतल्यावर डडलीने काहीही न लपवता झालं ते अधिकाऱ्यांना सांगितलं. खटला उभा राहिला, गरज हे खुनाचं समर्थन होऊ शकत नाही असा निकाल लागला, फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

त्या होडीतही प्रार्थना होती. ती सुरीच्या आधी झाली आणि सुरी थांबली नाही. म्हणून होडीतल्या श्रद्धेवर फार भाळू नये, असं मी स्वतःला बजावतो. मार्टेललाही ते माहीत असणार. हे नाव त्याने ठरवून घेतलंय. अधिकाऱ्यांच्या तोंडून त्याने वाघाची गोष्ट चांगली म्हणवून घेतली, पण वाघाला नाव दिलं ते खाल्ल्या गेलेल्या मुलाचं. ज्याला डडलीचा खटला ठाऊक आहे, त्याला वाघाची गोष्ट निवडली तरी दुसरीपासून सुटका नाही. शिकाऱ्याने नदीवर पाणी पिताना पाहिलेल्या त्या बछड्याचं कारकुनाने घोळ घालण्याआधीचं नाव होतं ‘तहानलेला’. मिन्योनेटवरच्या पोऱ्याजवळ उन्हावरची यंत्रं नव्हती.